निळ्या जोडीची पिल्ले काळी का निघतात: जातिवंत कोंबड्यांत पिसांचा रंग धरण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

निळा कोंबडा आणि निळी कोंबडी एकत्र सोडली, अंडी उबवली आणि पिल्ले मोठी झाल्यावर पाहिले तर जेमतेम निम्मी निळी. बाकीच्यांत काही काळी कुळकुळीत, काही पांढुरकी आणि अंगभर राखाडी शिंतोडे असलेली. मग पहिला संशय जातो पक्षी देणाऱ्यावर, दुसरा शेजारच्या कोंबड्यावर. दोघेही बहुधा निर्दोष असतात. निळा रंग असाच चालतो.

ऑर्पिंग्टन, प्लिमथ रॉक, अँडालुशियन, ससेक्स, ऱ्होड आयलंड रेड अशा जुन्या जातींचा लहान कळप पाळणारे रंगाच्या बाबतीत वारंवार एकाच ठिकाणी अडकतात. ते आधी जोडी लावतात, मग पिल्ले बघतात आणि शेवटी विचार करतात. हा क्रम उलटा करायला शिकणे एवढेच खरे काम आहे. जनुकशास्त्र अवघड नाही. वही, कागद आणि धीर या तीन गोष्टी कमी पडतात.

जोडी लावण्याआधीची तयारी

रंगाची पैदास म्हणजे कोणत्या अंड्यातून कोणते पिल्लू निघाले, हे छातीठोक सांगता येणे. ते येत नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे. त्यासाठी पुढच्या गोष्टी हाताशी हव्यात:

- प्रत्येक पैदाशीच्या पक्ष्याच्या पायात क्रमांक असलेले कडे. नुसती रंगीत कडी पडतात, फिकट होतात आणि सहा महिन्यांनी लाल कोणते, नारिंगी कोणते यावर घरात वाद होतात.
- किमान दोन, जमल्यास तीन वेगळी खुराडी, वरून जाळी लावलेली. कोंबडा कुंपण ओलांडणार नाही या भरवशावर राहू नका.
- अंड्यावर लिहायला साधी शिसपेन्सिल.
- नोंदवही. प्रत्येक पक्ष्याला एक पान, प्रत्येक जोडीला एक पान.
- एक राखीव कोंबडा. ज्या कोंबड्यावर सगळी मदार असते, नेमका तोच मुंगसाच्या तोंडी लागतो.

वहीत आई-बापांचे क्रमांक, अंडी गोळा केल्याच्या तारखा, किती ठेवली, किती फलित निघाली, किती फुटली आणि पिल्लांची लव कशी होती, एवढे आले की पुरे. वजन, अंड्यांची संख्या वगैरे नंतर जोडता येते.

टप्पा १: हवा असलेला रंग 'मात्रां'त लिहून काढा

कोंबडीच्या पिसांत मूळ रंगद्रव्ये दोनच: एक काळे, एक तांबूस. बाकी सारे रंग म्हणजे ही दोन कुठे पसरली, किती पातळ झाली, किंवा कुठे अडवली गेली याचा हिशेब. निळा म्हणजे पातळ झालेला काळा. पांढरा म्हणजे अडवलेला रंग. पट्टे म्हणजे पीस वाढताना रंग भरणे मधूनमधून थांबले याची खूण.

प्रत्येक पक्ष्यात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. त्यांना मी मात्रा म्हणतो: शून्य मात्रा, एक मात्रा, दोन मात्रा. हा शब्द डोक्यात बसला की निम्मा गोंधळ संपतो. आता तुमच्या जातीतला रंग यांतल्या कोणत्या रीतीने चालतो ते लिहा.

*एका मात्रेत पुरता दिसणारा, म्हणजे प्रभावी.* लेगहॉर्नचा पांढरा याचे ठळक उदाहरण. हा काळा रंग अडवतो, तांबूस रंगावर त्याचा फारसा जोर चालत नाही. एकच मात्रा असलेल्या पांढऱ्या पक्ष्याच्या अंगावर बहुधा तुरळक काळे ठिपके डोकावतात.

*दोन मात्रांशिवाय न दिसणारा, म्हणजे अप्रभावी.* लव्हेंडर, ठिपकेदार पिसारा, आणि दुसऱ्या प्रकारचा, काळा आणि तांबूस दोन्ही रंग अडवणारा पांढरा. पांढऱ्या प्लिमथ रॉकचा पांढरा सहसा या प्रकारचा असतो. एक मात्रा असलेला पक्षी पूर्ण रंगीत दिसतो आणि मुकाट्याने वाहक राहतो.

*एका मात्रेत अर्धा, दोन मात्रांत पुरता.* निळा. शून्य मात्रा काळा, एक मात्रा निळा, दोन मात्रा स्प्लॅश, म्हणजे पांढुरक्यावर राखाडी शिंतोडे.

*लिंगसंलग्न.* पट्टे, चंदेरी-सोनेरी आणि चॉकलेट. माणसात नराकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात. कोंबड्यांत ते मादीकडे असते. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. हे जनुक झेडवर बसलेले आहेत. त्यामुळे कोंबड्याला दोन मात्रा मिळू शकतात, कोंबडीला जास्तीत जास्त एकच. ती काही लपवू शकत नाही: तिच्यात जे आहे ते दिसते.

या सगळ्यांच्या खाली एक पाया असतो. काळा रंग अंगभर पसरणार की मान, छाती, पंख यांवर ठरावीक जागीच राहणार, हे तो ठरवतो. अंगभर काळ्या पायावर लव्हेंडर आला की सगळा पक्षी एकसारखा फिकट राखाडी होतो. तोच लव्हेंडर तांबूस-काळ्या पायावर आला की तांबूस भाग मलईसारखा होतो आणि चित्र पार वेगळे दिसते. म्हणून दोन जातींचे 'तसलेच' दिसणारे रंग एक समजून मिसळू नका.

*पडताळणी:* पानावर तीन ओळी हव्यात: पाया कोणता, त्यावर कोणता बदल, तो किती मात्रांत. यांतली एक जरी रिकामी असेल तर जोडी लावू नका.

टप्पा २: पक्षी हातात घेऊन वाचा

खुराड्याबाहेरून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळेच पक्षी सुंदर दिसतात. सकाळच्या सावलीत, एकेक पक्षी हातात घ्या. पिसे उलटी फिरवून मुळाशी रंग कसा आहे ते पाहा. पंख उघडून मोठी पिसे पाहा. नको असलेला पांढरा आधी तिथे किंवा शेपटीच्या बुडाशी सापडतो. कोंबड्याच्या खांद्यावर, मानेवर आणि कमरेवर तांबूस झाक आहे का ते बघा. काळ्या कोंबडीत लपून राहणारी तांबूस झाक कोंबड्याच्या याच तीन जागी उघडी पडते. म्हणून पायाचा अंदाज घ्यायचा तर भाऊ बघून बहिणीबद्दल बरेच कळते.

जनुकाचा दोष नसताना रंग बिघडतो, हेही ध्यानात ठेवा. काळे पीस उन्हाने तपकिरी पडते. फिकट रंगांच्या कोंबड्याच्या पाठीवर उन्हाने पिवळी झाक चढते. इजा झालेल्या जागी पीस कधी पांढरे उगवते. शंका असेल तर पीसगळ होऊन नवी पिसे पुरती येईपर्यंत निर्णय लांबवा.

*खबरदारी:* काळ्या जातीच्या पिल्लाच्या पोटाखाली पिवळट-पांढरी लव असते आणि पहिल्या पिसांत पंखांची टोके पांढरी असणेही नेहमीचे आहे. हे पाहून 'भेसळ' म्हणत पिल्ले काढून टाकणारे मी बरेच पाहिले. पहिल्या वर्षी त्यांत मीही होतो.

टप्पा ३: जोडी आधी कागदावर लावा

इथे पाच मिनिटे खर्च केली तर एक हंगाम वाचतो. निळ्याचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहा:

१. निळा × निळा: २५% काळी, ५०% निळी, २५% स्प्लॅश.
२. निळा × काळा: निम्मी निळी, निम्मी काळी.
३. निळा × स्प्लॅश: निम्मी निळी, निम्मी स्प्लॅश.
४. काळा × स्प्लॅश: सगळी निळी.

चौथी ओळ पुन्हा वाचा. फक्त निळी पिल्ले हवी असतील तर निळा पक्षी पैदाशीला ठेवायचीच गरज नाही. तरी लोक स्प्लॅश आणि काळे 'चुकीच्या रंगाचे' म्हणून सर्वांत आधी काढून टाकतात आणि दर वर्षी निम्म्या पिल्लांवर समाधान मानतात.

टक्केवारीचाही एक सापळा आहे. २५% याचा अर्थ दर चार पिल्लांत एक स्प्लॅश असा नाही. प्रत्येक अंडे आपला फासा वेगळा टाकते. निळ्या जोडीच्या ८ पिल्लांत एकही स्प्लॅश नसण्याची शक्यता साधारण १०% असते. तेव्हा एका लहान खेपेवरून 'आमच्याकडे स्प्लॅश निघतच नाहीत' असा निष्कर्ष काढू नका.

लिंगसंलग्न रंगांत कोणता पक्षी बाप आणि कोणता आई, यावर निकाल बदलतो. सोनेरी गटातला ऱ्होड आयलंड रेड कोंबडा चंदेरी गटातल्या फिकट ससेक्स कोंबडीवर सोडला तर मुली सोनेरी आणि मुलगे चंदेरी निघतात. लवेवरूनच नर-मादी ओळखता येतात. हीच जोडी उलटी लावा, शुद्ध चंदेरी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी, की नर-मादी दोघेही चंदेरी. पट्ट्यांचेही तसेच: साधा काळा कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी यांच्या मुलग्यांना पट्टे येतात, मुलींना नाही.

कारण साधे आहे. कोंबडी आपले झेड फक्त मुलग्यांना देते. मुलीला झेड मिळते ते बापाचेच. या जनुकांपुरती लेक ही बापाची साक्षीदार. पट्टेदार कळपात अचानक सपाट काळी तलंग (तरुण कोंबडी) निघाली तर आईला दोष देऊ नका. बापाकडे पट्ट्यांची एकच मात्रा आहे, एवढे त्या तलंगीने सांगून टाकले. असा कोंबडा सहसा दोन मात्रांच्या कोंबड्यापेक्षा गडद दिसतो, आणि गडद पट्टे आवडतात म्हणून हौशी माणूस नेमका तोच निवडतो. शुद्ध पट्टेदार प्लिमथ रॉकमध्ये कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसणे हा दोष नाही. त्याच्याकडे दोन मात्रा, तिच्याकडे एक.

*पडताळणी:* कागदावर प्रत्येक जोडीखाली 'काय निघायला हवे' आणि 'काय निघूच शकत नाही' असे दोन्ही लिहा. दुसरी ओळ जास्त कामाची. अशक्य रंगाचे एक पिल्लू निघाले तरी तुमचा अंदाज, किंवा तुमची जाळी, कुठेतरी फाटली आहे.

टप्पा ४: वेगळे करा आणि थांबा

कोंबडा बाजूला काढला की हिशेब नव्याने सुरू झाला, असे होत नाही. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. नव्या कोंबड्याचे बीज आल्यावर त्याची पिल्ले जास्त निघू लागतात, पण जुन्याचीही मधूनच निघतात. म्हणून जुना कोंबडा काढल्यापासून तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका. चाचणीची जोडी (टप्पा ५) असेल तर चार आठवडे थांबा. या काळातली अंडी खायला उत्तम.

चाचणीसाठी एका खुराड्यात एक कोंबडा आणि एकच कोंबडी. चार कोंबड्या असतील आणि प्रत्येकीचे अंडे ओळखू येत असेल तर चालेल, पण 'तिचे अंडे जरा गुलाबीसर असते' ही ओळख नव्हे. एका कोंबडीवर एकटा कोंबडा फार दिवस ठेवला तर तिच्या पाठीची पिसे जातात. कोंबडा दिवसाआड हलवून दोन खुराड्यांत वापरता येतो.

अंडे उचलल्याबरोबर खुराड्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. अंडी १३ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, थंड जागी ठेवा आणि शक्यतो सात दिवसांच्या आत उबवायला घाला. फ्रिजमध्ये नको.

टप्पा ५: लपलेले जनुक शोधून काढा

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. अप्रभावी जनुकाचे अगदी तसेच आहे. दोन-तीन पिढ्या ते झाकलेले राहते आणि मग काळ्याभोर कळपात एक दिवस स्वच्छ पांढरे पिल्लू उभे राहते. माझ्याकडे ते निघाले तेव्हा मी कुंपणावरून आलेल्या एका भटक्या कोंबड्यावर आळ घेतला. पुढच्या वर्षी कुंपण उंच केले. पांढरी पिल्ले निघतच राहिली.

असे एकही पिल्लू निघाले तर त्याचे आई आणि बाप दोघेही वाहक आहेत. यात शंकेला जागा नाही. पण जे पक्षी अजून उघडे पडलेले नाहीत त्यांना तपासायचे तर चाचणी संकर करावा लागतो.

*पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग:* संशयित पक्ष्याची जोडी तो अप्रभावी रंग उघड दिसणाऱ्या पक्ष्याशी लावा. संशयित वाहक असेल तर प्रत्येक पिल्लू त्या रंगाचे निघण्याची शक्यता निम्मी. एकही निघाले की निकाल लागला. एकही न निघता सलग ५ पिल्ले साधी निघाली तर तरीही वाहक असण्याची फसगत साधारण ३%, सलग ७ निघाली तर १% पेक्षा कमी. मी ७ वर थांबतो.

*दुसरा मार्ग:* तसा पक्षी नसेल तर सिद्ध झालेल्या वाहकाशी जोडी लावा. इथे शक्यता प्रत्येक पिल्लाला चारांत एक. तेवढ्याच खात्रीसाठी १७ पिल्ले लागतात. ११ पिल्लांवर सुमारे ४% फसगत उरते.

*तिसरा:* कोंबडा त्याच्याच मुलींवर सोडणे. यात बरीच जास्त पिल्ले आणि अनेक मुली लागतात, पण एकाच फटक्यात त्याच्यातले सगळे लपलेले दोष, रंगाचे आणि बिनरंगाचे, वर येतात. ही फक्त तपासणी आहे. त्यातली पिल्ले पैदाशीला ठेवायची नाहीत.

पिल्ले मोजताना फुटलेलीच मोजा. अंड्यातच मेलेल्यांचा रंग ओळखू येत असेल तर वेगळा लिहा.

पांढऱ्या पक्ष्याचा पांढरा कोणता, हे ओळखायलाही हाच उपाय. त्याची जोडी शुद्ध काळ्या पक्ष्याशी लावा. सगळी पिल्ले रंगीत निघाली तर पांढरा अप्रभावी. सगळी पांढरी, एखाद-दुसऱ्या काळ्या ठिपक्यासह, तर प्रभावी आणि दोन मात्रांचा. निम्मी-निम्मी निघाली तर प्रभावी, एका मात्रेचा. एकाच पक्ष्यात दोन्ही प्रकारचे पांढरे असू शकतात, ते पहिल्या पिढीत कळत नाही. दुसऱ्या पिढीत पांढऱ्यांची गर्दी दिसली की आठवा.

*खबरदारी:* चाचणी संकराची पिल्ले दिसायला कितीही देखणी असली तरी त्यांतली बरीच किंवा सगळीच वाहक असतात. त्यांना वेगळे कडे घाला. कळपात विसरून राहिलेली एक देखणी तलंग तुमची दोन वर्षांची मेहनत मातीत घालते.

टप्पा ६: उबवणी आणि खुणा

तापमान, आर्द्रता यांबद्दल इथे लांबण लावत नाही: हवा फिरवणारे यंत्र असेल तर ३७.५ अंशांच्या आसपास, २१ दिवस, अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद. रंगाच्या कामात महत्त्वाचे आहे ते याच अठराव्या दिवशी. अंडी फुटण्याच्या तबकात ठेवताना प्रत्येक जोडीची अंडी वेगळ्या जाळीच्या डब्यात किंवा कप्प्यात ठेवा, झाकणासह. पिल्ले फुटली की तासाभरात ती भटकतात आणि कवचावरचे अक्षर त्यांच्या पाठीवर उमटत नाही.

खुडूक कोंबडीखाली उबवत असाल तर एका कोंबडीखाली एकाच जोडीची अंडी. दुसऱ्या कोंबड्या त्या घरट्यात येऊन अंडी घालणार नाहीत अशी जागा द्या, आणि तरीही रोज एक नजर टाका. बिनखुणेचे अंडे दिसले की उचला.

कप्प्यातून काढतानाच पिल्लाच्या पायात लहान कडे घाला. पिल्लाचा पाय भराभर जाड होतो. कडे दर आठवड्याला तपासा आणि मोठे बदला. रुतलेले कडे पाय कापत जाते आणि वरून काही कळत नाही.

लव कोरडी झाल्यावर फोटो काढा, कड्याचा क्रमांक दिसेल असा. काळ्या पायावर निळे पिल्लू धुरकट राखाडी दिसते, स्प्लॅश त्याहून फिकट, कधी जवळजवळ पिवळट-पांढरे. पट्टेदार प्लिमथ रॉकच्या काळ्या लवेत डोक्यावर पांढरा ठिपका असतो: नरात मोठा आणि पसरट, मादीत लहान आणि आटोपशीर. हा अंदाज आहे, शंभर टक्के खूण नव्हे.

टप्पा ७: कधी निवडायचे, कशावर निवडायचे

तीन वेळा बघा: फुटल्यावर, आठ-दहा आठवड्यांनी आणि पहिली पुरती प्रौढ पिसे आल्यावर. पहिल्या दोन वेळी फक्त लिहा. काढून टाकायचे ते व्यंग, अशक्तपणा किंवा मंद वाढ असलेल्यांना. रंगावरचा निकाल तिसऱ्या वेळीच.

तिसऱ्या वेळीही रंग यादीत शेवटी येतो. अंगलट, पायांची ठेवण, श्वास, चपळपणा, मादीचे अंडी घालणे आणि तापटपणा नसलेला कोंबडा हे आधी. हे पटायला कठीण जाते, कारण रंग चटकन दिसतो आणि बाकीचे हळूहळू कळते. पण रंगाचे एक जनुक दोन-तीन पिढ्यांत परत आणता येते. गमावलेला बांधा आणि जोम परत आणायला कितीतरी वर्षे जातात, आणली तर.

सगळ्या पिल्लांना एकाच बापाचे करून टाकू नका. सख्ख्या भाऊ-बहिणीची किंवा बाप-मुलीची जोडी लावली तर पिल्लांत आप्तसंकराचे प्रमाण २५% होते, सावत्र भावंडांत १२.५%. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असा कळप ११ पक्ष्यांचा दिसतो, पण आप्तसंकराच्या हिशेबात तो चार पक्ष्यांपेक्षाही लहान ठरतो, कारण पुढच्या पिढीचे निम्मे रक्त एकट्याचे. कोंबडे दोन केले की हा आकडा सातच्या जवळ जातो. दहाच्या वीस कोंबड्या करून इतका फरक पडत नाही. उबवण कमी होऊ लागली आणि फलित अंडीही मधेच मरू लागली, तर रंग बाजूला ठेवा आणि त्याच जातीचे दुसऱ्या ओळीचे, म्हणजे वेगळ्या वंशाचे, रक्त आणा.

टप्पा ८: दुसऱ्या जातीतून रंग आणायचा असेल

हे काम शेवटी लिहिले आहे, कारण ज्याने वरचे सात टप्पे एकदा पार केले त्यानेच याला हात घालावा.

समजा काळी जात तुमच्याकडे आहे आणि निळा बाहेरून आणायचा आहे. पहिल्या संकरातली निळी पिल्ले तुमच्या जातीची ५०%. त्यांतली बांध्याने सर्वांत जवळची निळी निवडून पुन्हा तुमच्या काळ्यांशी जोडा: ७५%. पुन्हा: ८७.५%. आणखी एकदा: ९३.७५%. हे सरासरीचे आकडे आहेत. निवड कडक असेल तर बांधा लवकर परततो, ढिली असेल तर चार पिढ्यांनीही परकी अंगलट मिरवतो. निळा एका मात्रेत दिसतो म्हणून दर पिढीत निवड सरळ करता येते.

लव्हेंडरसारखा अप्रभावी रंग असेल तर एक जास्तीची पायरी लागते. प्रत्येक उलट संकरानंतर, म्हणजे पुन्हा तुमच्या काळ्यांशी जोडल्यावर, पिल्ले सगळी काळी दिसतात आणि त्यांतली निम्मीच वाहक असतात. कोणती, हे चाचणी संकराने ठरवा (टप्पा ५, सात पिल्ले), मगच पुढची पिढी. आंधळेपणाने चार वेळा उलट संकर केला तर रंग वाटेतच हरवून जाण्याची पुरेपूर शक्यता असते.

नेहमी घडणाऱ्या चुका

*निळा आणि लव्हेंडर मिसळणे.* दोन्ही राखाडी, म्हणून जोडी लावली जाते. निघते काय? निम्मी काळी, निम्मी निळी, एकही लव्हेंडर नाही आणि सगळीच लव्हेंडरची वाहक. पुढच्या पिढीत दोन्ही जनुके एकाच पक्ष्यात आली की कोणता पक्षी काय आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ओळख अशी: लव्हेंडरची जोडी लव्हेंडरच देते आणि रंग सर्वांगावर सपाट असतो. निळ्या पक्ष्यात, विशेषतः कोंबड्यात, मान आणि पाठ गडद असते.

*लव्हेंडर × लव्हेंडर वर्षानुवर्षे.* रंग शुद्ध येतो, पण या रंगासोबत विरविरीत, फाटल्यासारखी पिसे येण्याचा दोष अनेक ओळींत चालत आला आहे; शेपटी आणि पंखांत तो आधी दिसतो. अधूनमधून चांगल्या पिसांच्या काळ्या पक्ष्याशी जोडा आणि त्यांच्या पिल्लांतून पुन्हा लव्हेंडर काढा.

*निळ्याला कधीच काळ्याशी न जोडणे.* निळा × निळा करत राहिले की बऱ्याच ओळींत छटा फिकट आणि विसकटलेली होत जाते. मधूनच हिरवट चकाकीचा सपाट काळा वापरा. त्या काळ्यात तांबूस झाक नको. ती निळ्यात गंजाच्या डागासारखी उठून दिसते. अँडालुशियनच्या पिसांची गडद किनार मात्र निळ्या जनुकाची एकट्याची देणगी नाही, तिच्यामागे इतरही जनुके आहेत. तिथे काळा पक्षीही किनार देणाऱ्या त्याच ओळीतला घ्यावा लागतो, नाहीतर किनार एका पिढीत पुसली जाते.

*काळ्या आणि स्प्लॅश पिल्लांची नोंदच न ठेवणे.* दिसायला नकोशी असली तरी बापाची परीक्षा त्यांच्यावरूनच होते.

*दुसऱ्याला पक्षी देताना गप्प राहणे.* वाहक असलेला किंवा चाचणी न झालेला पक्षी देताना तसे कागदावर लिहून द्या: आई-बापांचे क्रमांक, रंगाच्या ज्ञात मात्रा आणि कोणती चाचणी किती पिल्लांवर झाली. 'शुद्ध आहे' असे तोंडी सांगण्यापेक्षा 'अप्रभावी पांढऱ्यासाठी ७ पिल्लांवर तपासला, एकही पांढरे नाही' ही एक ओळ घेणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडते. आणि तुम्ही पक्षी घेत असाल तेव्हा हीच ओळ मागा.